मी फक्त देवाला सांगितलं

माझे वडील खोटं बोलत नाहीत. ही त्यांची तारीफ नाही, तक्रार आहे. सभ्य माणसाला अडचणीच्या वेळी थोडं खोटं बोलता यायला हवं, निदान गप्प तरी बसता यायला हवं. माणसांपुढे त्यांना गप्प बसता येतं, उत्तम येतं. देवापुढे मात्र येत नाही. माझं जे काही झालं ते एवढ्या एका फरकामुळे झालं.

वडील रत्नागिरीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आमचं गाव तिथून गाडीने पाऊण-एक तासावर. ते सकाळच्या पहिल्या गाडीने जायचे आणि मी तिच्या मागच्या गाडीने कॉलेजला. बीएस्सीचं दुसरं वर्ष, केमिस्ट्री. बारावीला मी तालुक्यात चांगली आले होते, तेव्हा वाडीतल्या बायकांनी मला ओवाळलं होतं. आमच्या घरात शिकणारी पहिलीच, त्यामुळे मी शिकते आहे याचं कौतुक शिकण्यापेक्षा जास्त चाले.

त्या वर्षी दिवाळीच्या आसपास मला काहीतरी व्हायला लागलं. काय ते तेव्हा सांगता आलं नसतं. दुखत कुठेच नव्हतं. पुस्तक उघडलं की तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची आणि पान उलटायचं नाही. केस विंचरायला हात वर नेणं म्हणजे विहिरीतून भरली कळशी ओढण्याइतकं काम वाटायचं. आईने ताटात वाढलेली माशाची कढी, जिच्यासाठी मी एरवी भांडायचे, ती तशीच गार व्हायची. उजाडलं की पहिला विचार यायचा, अरे देवा, परत दिवस! आणि घरात तर सगळं ठीक होतं. कोणी मारत नव्हतं, कोणी उपाशी ठेवत नव्हतं. त्याचीच जास्त लाज वाटायची. सुख टोचतंय म्हणतात ते हेच असणार, अशी मी माझी समजूत घातली होती.

मग मी लेक्चर्सना जायची बंद झाले. गाडीतून उतरायचं आणि स्टँडवरच बाकड्यावर बसून राहायचं. बसायला एसटी स्टँडसारखी दुसरी जागा नाही. कॉलेजात एकटी बसलेली मुलगी दिसली की चार जण येऊन विचारतात, काय झालं. स्टँडवर कोणी विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, गाडीची वाट बघते आहे. खेडची गाडी लागायची, दापोलीची लागायची, माणसं पिशव्या घेऊन धावायची, आणि मला कुठेच जायचं नसायचं. दुपारी आमच्या गावची गाडी आली की घरी जायचे आणि आईला सांगायचे, प्रॅक्टिकल होतं, दमले.

एके दिवशी माझ्या समोरच्याच फलाटावर एक गाडी बंद पडली. कोणीतरी तिच्याखाली शिरून खटखट करत होतं. बऱ्याच वेळाने तो माणूस पाठीवर सरकत बाहेर आला, उठून बसला, आणि ते माझे वडील होते.

"लेक्चर नाय?"

"आहे."

"मग हितं काय?"

उत्तर मी तयार ठेवलेलं होतं. सरांची तब्येत, संप, असं काहीतरी. पण तोंडातून निघालं, "बाबा, मला बरं नाही वाटत."

ते ओरडले नाहीत. फडक्याला हात पुसले, कँटीनमधून चहा आणि वडापाव आणला, माझ्या शेजारी बसले. आणि मी सांगितलं. रात्र रात्र झोप लागत नाही ते सांगितलं, पुस्तकाचं सांगितलं, आणि सकाळी जाग आलीच नाही तर बरं असं वाटतं, तेसुद्धा सांगितलं. ते मी त्याआधी स्वतःशीसुद्धा धड बोलले नव्हते. त्यांच्या चहावर साय धरली.

"तू बोलतेस त्यातलं मला अर्धं कळत नाय," ते शेवटी म्हणाले, "पण तू खोटं बोलत नायस, येवढं कळतं. डॉक्टरला दाखवू. कोणाला सांगायचं नाय. आईला पण आत्ता नको, ती घाबरंल."

त्या दिवशी मला जगातला सगळ्यात शहाणा माणूस भेटला आणि तो आमच्याच घरात राहत होता, असं मला वाटलं. तसं वाटणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

रत्नागिरीच्या आसपास राहून मनाच्या डॉक्टरकडे जाणं सोपं नाही. मनोरुग्णालय तिथेच, त्यामुळे लहानपणापासून कुठल्याही भांडणातलं शेवटचं वाक्य ठरलेलं: हिला तिकडे नेऊन भरती करा. वडिलांनी चौकशी करून एका बाईंचा दवाखाना शोधला. त्याच इमारतीत खाली दातांचा डॉक्टर होता, हे त्यांना फार आवडलं. खोटं न बोलणाऱ्या माणसाने आईला सांगितलं, "दातवाल्याच्या बिल्डिंगीत जाऊन येतो." पुढचं आईने आपल्या मनाने जुळवलं, आणि शेजारच्या काकी माझ्या दाढेला लवंगेचं तेल घेऊन आल्या. मी निमूटपणे तोंड उघडलं. ते तेल इतकं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि पडवीत बसलेल्या वडिलांना हसू आवरेना. कित्येक आठवड्यांनी मीही हसले.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हा आजार आहे, आळस नाही, पुष्कळ मुलांना होतो, असं सांगितलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. वडिलांनी एकच विचारलं, "म्हणजे बरा होणारा?" बाई म्हणाल्या, "होणारा." वडिलांनी एवढा मोठा श्वास सोडला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

गोळ्या तेच आणायचे. आमच्या ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा लांबच्या मेडिकलमधून, शर्टाच्या खिशात घालून. संध्याकाळी मी पाण्याचा तांब्या दिला की माझ्याकडे बघून भुवई उडवायचे, म्हणजे घेतलीस ना? मी मान हलवायची. मी आजारी होते, तरी ते दिवस मला सुखाचे आठवतात. माझं एक माणूस होतं. पौष-माघात कधीतरी मी परत वर्गात जाऊन बसले. दोन विषय राहिले होते, एटीकेटी लागली होती, पण पान उलटायला लागलं होतं.

आणि शिमगा आला.

आमच्याकडे शिमग्याला देव घरी येतो. देवळातून पालखी निघते आणि वाडीवाडीतून, घराघरांतून फिरते. अंगणात पालखी टेकवतात, घरची बाई देवाची ओटी भरते, नारळ ठेवतात आणि गावचा मानकरी मोठ्या आवाजात देवाला त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. घरात काय अडलं आहे, काय मागणं आहे, ते सगळं देवाला उघड सांगायचं. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "होय म्हाराजा!" म्हणजे हे मागणं एकट्याचं नाही, आम्हा सगळ्यांचं आहे. लहानपणी मला हे फार आवडायचं. कोणाच्या कोर्टकचेरीचं, कोणाच्या मूलबाळाचं, कोणाच्या दारू पिणाऱ्या मुलाचं, मी सगळ्यांत पुढे उभी राहून खच्चून "होय म्हाराजा" ओरडले आहे.

त्या वर्षी दुपारी आमच्या अंगणात पालखी आली. मानकरी म्हणजे आमचे चुलत काका. आवाज असा की त्यांना भोंगा कधी लागला नाही. मुंबईहून आलेली सगळी चाकरमानी मंडळी होती, माझ्या कॉलेजातल्या दोन मुली होत्या, त्या खास पालखी बघायला आल्या होत्या. आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. मघाशी वडील काकांना गोठ्यामागे नेऊन काहीतरी सांगत होते ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, माडीवर पत्रे घालायचे आहेत, त्याचं असेल.

"हे बा म्हाराजा! आज तुझ्या लेकरानं तुझी ओटी भरलीन, नारळ ठेवलान, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेची जी थोरली लेक, कॉलेजात शिकणारी, तिचं मन थाऱ्यावर नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मीसुद्धा म्हटलं. सवयीने. तोंडातून शब्द निघून गेल्यावर ते कोणाबद्दल आहे ते मला कळलं.

"तिला रात्रीची झोप नाय, अन्नावर वासना नाय, जीव नको झालाय म्हणते रे म्हाराजा! परीक्षेत मागं पडली, मनाच्या डॉक्टरचं औषध चालू हाय. त्या औषधाला तू यश दे! कोणाची नजर, वाटेतली काय बाधा असंल तर ती तुझ्या पायाखाली दडप, आणि लेकराला पयल्यासारखं हसतं कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मुलं, म्हातारे, काकी, मुंबईकर, सगळे. ढोलकरीसुद्धा. मी न खाल्लेल्या भाताला आणि न झोपलेल्या रात्रींना सबंध वाडीने एकमुखाने होकार दिला. आईच्या हातातलं ताट कलंडलं होतं आणि निरांजनातलं तूप तिच्या अंगठ्यावर सांडत होतं. तिला हे सगळं तिथे, त्या गर्दीत, पहिल्यांदा कळत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला का नाही सांगितलंस, एवढंच त्या बघण्यात होतं. म्हणजे एका गाऱ्हाण्यात माझा विश्वासघात झाला आणि मीही आईपुढे विश्वासघातकी ठरले.

वडील हात जोडून, डोळे मिटून उभे होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. ते चोरटे, खजील दिसले असते तर मला सोपं गेलं असतं.

पालखी नाचवत पुढच्या घरी गेली. ढोल लांब गेल्यावर मी त्यांना पडवीत गाठलं.

"तुम्ही का सांगितलंत?"

"कोणाला?" त्यांनी खरंच विचारलं.

"कोणाला काय? सगळ्या वाडीला!"

"वाडीला कुठं सांगितलं? मी माणसाला एकाला नाय सांगितलं. मी फक्त देवाला सांगितलं."

"काकांना सांगितलंत ना?"

"तो तेव्हा माणूस नसतो गो. तो देवाकडं बोलायचं तोंड असतो."

"आणि बाकीचे? त्यांना कान नव्हते?"

"गाऱ्हाण्यातलं गाऱ्हाण्यात ऱ्हातं. आजपर्यंत कोण बोललाय काय?"

हे त्यांचं खरं होतं, आणि म्हणूनच मी चिडून रडायला लागले. आमच्याकडे तशी रीत आहे. देवापुढे ऐकलेलं नंतर कोणी उच्चारत नाही. मूल नसलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कोणी डिवचत नाही. वडिलांनी पन्नास वर्षं ही रीत पाळलेली पाहिली होती आणि तिच्या भरवशावर माझा जीव टाकला होता. पण जमिनीचा दावा, पोर न होणं, दारू, ही दुखणी गावाच्या ओळखीची. माझं दुखणं गावाला नवीन होतं, आणि नवीन गोष्ट कोणी पोटात ठेवत नाही. शिवाय गावातली निम्मी माणसं हातात मोबाइल धरून उभी होती, त्यांच्यात रीत पाळायला कोण बसलंय?

"डॉक्टरीणबाईला तू सगळं सांगितलंस ना?" ते समजावण्याच्या सुरात म्हणाले. "काय झाकून ठेवलंस काय? मग देवाकडं तरी अर्धवट सांगून काय मागायचं?"

मी म्हटलं, "ती माझी गोष्ट होती. तुमची नव्हती." लेकीची गोष्ट बापाची नसते, हे वाक्य वडिलांनी त्यापूर्वी कधी ऐकलं नसावं.

संध्याकाळपर्यंत पालखीचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर होता. छान घेतला होता, काकांचा शब्द न् शब्द स्पष्ट. शिमग्यानंतर कॉलेजात गेले तर कँटीनमध्ये एका मुलीने फार प्रेमाने विचारलं, "आता लागते ना गं झोप?" घरी आत्या अंगारा घेऊन आली. दुसरी एक नातेवाईक ताईत घेऊन आली आणि जाताना आईला दारात म्हणाली, "लग्नाचं बघताना हे काय बोलू नकोस हां." जणू आई गावभर बोलत सुटली होती! सगळ्यांत वाईट आमच्या गाडीतली पोरं. मी गाडीत चढले की मागच्या सीटवरून हळूच आवाज यायचा, "होय म्हाराजा." कंडक्टर ओरडायचा, मग थोडे दिवस बंद, मग परत. ज्या दोन शब्दांत सगळा गाव माझ्या पाठीशी उभा राहायला हवा होता, त्यांनीच मला माणसांतून उठवलं. मी पुन्हा स्टँडवर बसायला लागले.

गोळ्याही बंद केल्या. वडिलांनी भुवई उडवली की मी मान हलवायची आणि गोळी परसात टाकायची. त्याने वडिलांचं काही बिघडलं नाही, माझंच बिघडलं. उन्हाळ्यात मी इतकी खाली गेले की आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही आईने ओढत नेऊन. बिचारी तोवर सावरली होती. देवाधर्माचं ती एक अक्षर बोलली नाही. एक दिवस तिनेच मला गाडीत घातलं आणि दातवाल्याच्या इमारतीत घेऊन गेली, खालच्या पाटीकडे बघून म्हणाली, "आणि मी मेली तुझ्या दाढेला तेल लावायला देत होते." डॉक्टरबाईंनी औषध पुन्हा सुरू केलं. या वेळी मी ते घेतलं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी पुष्कळ बरी होते. विषय सुटले, पदवी मिळाली.

मग आणखी एक शिमगा आला आणि गाऱ्हाण्याला यश आलं म्हणून वडिलांनी देवाचा नवस फेडला. काकांनी तेही खणखणीत आवाजात सांगितलं. लेक बरी झाली रे म्हाराजा! होय म्हाराजा! माझं दुखणं मला न विचारता वाटून टाकलं होतं, आता बरं होणंही देवाला देऊन टाकलं. गोळ्यांचं, आईचं, त्या बाईंचं, रोज सकाळी उठून अंगावर पाणी घेणाऱ्या माझं, कोणाचंच नाव त्यात नव्हतं. मी घरात दार लावून बसले होते. वडील प्रसाद घेऊन आले. मी घेतला नाही.

आता मी कोल्हापूरला एका लॅबमध्ये नोकरी करते. मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. वडील निवृत्त झाले आहेत. रोज फोन करतात. जेवलीस काय, बरी हायस ना, एवढंच. मी म्हणते, बरी आहे.

गेल्या वर्षी ते दुखणं परत आलं. या खेपेला मी ते लवकर ओळखलं आणि इथल्या डॉक्टरांकडे स्वतः गेले. मैत्रिणीला सांगितलं, ऑफिसातल्या मॅडमना सांगितलं. घरी आईला सांगितलं आणि तिला शपथ घातली. वडिलांना नाही. फोनवर आवाज खाली जाऊ नये म्हणून मी उभी राहून बोलायचे.

मग एक दिवस ते न कळवता आले. पिशवीत कुळथाचं पीठ, सुकट, ओले काजूगर. आई गप्प राहिली असणार, पण आईचा चेहरा गप्प राहत नाही. मी चहा टाकायला ओट्याकडे वळले आणि ते माझ्या टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. तिथे गोळ्यांची पट्टी होती.

"ह्या कसल्या?"

"ॲसिडिटीच्या."

त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा जागेवर ठेवली. तीच गोळी, तीच पट्टी त्यांनी महिनोन् महिने खिशात घालून आणली होती. माझ्यापेक्षा त्यांनाच ती जास्त ओळखीची असेल. चहा प्यायले. काजूगरांचं कालवण कसं करायचं ते सांगितलं, जसं काही मला येत नाही. संध्याकाळच्या गाडीने परत निघाले, राहा म्हटलं तर नको म्हणाले.

दारात चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या खेपेला कोणाला नाय सांगत. देवाला पण नाय."

या माणसाने जन्मात देवापासून काही लपवलेलं नाही. ते मला काय देऊ करत होते, ते मला नीट कळलं. त्यांचा हात धरावा असं वाटलं, आणि त्याच वेळी अंगणातले ते सगळे आवाज कानात उठले.

"कशाबद्दल म्हणताय, बाबा?" मी विचारलं.

त्यांनी वर बघितलं.

"काय नाय," म्हणाले, "असंच." आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागले.